पांढऱ्या जास्वंदीची उरलेली हकीकत

हे लिहायचं मी सहा-सात वर्षं टाळत आलो. टाळलं म्हणजे गप्प राहिलो असं मात्र नाही. माझ्या अंगणातल्या पांढऱ्या जास्वंदीचा अनुभव मी आमच्या दिघोरीच्या भजनी मंडळात कितीतरी वेळा सांगितला, नातेवाइकांकडे सांगितला, लग्नाच्या मांडवात बसूनही सांगितला. वाळलेलं झाड महादेवाच्या कृपेनं कसं फुटलं ते ऐकताना म्हाताऱ्या बायांनी डोळ्यांना पदर लावलेला मी पाहिला आहे. आता देवळाच्या मंडळानं भक्तांचे अनुभव एकत्र छापायचं ठरवलं आणि पहिला अनुभव माझाच हवा असं सगळ्यांनी म्हटलं. मी कागद पुढे घेऊन बसलो आणि तीन दिवस एक ओळ लिहिता आली नाही. मी सांगत आलो ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेल्या अर्ध्यात एका बाईचं नाव आहे. माझ्या एका वाक्यानं तिचं फार वाईट झालं. ती आमची शेजारीण देवकाबाई. माझा अनुभव छापायचाच असेल तर हा छापावा, नाहीतर राहू द्यावा.

मी एकतीस वर्षं कृषी सहायक म्हणून नोकरी केली. भंडारा जिल्ह्याच्या गावागावांत धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, उभं राहून करपा कोणता, तुडतुडे कुठे बसतात, खोडकिडा कसा ओळखायचा हे दाखवण्यात आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावरही कोणाचं लिंबू पिवळं पडलं की लोक पान तोडून माझ्याकडे आणत. तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे ‘झाडायचे डाक्टर’ म्हणत. त्या थट्टेचाही मला अभिमान होता. एक गोष्ट आता कबूल करतो. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य मी एकाही शेतकऱ्यापुढे कधी उच्चारलं नाही. माहीत नसलं तरी काहीतरी सांगायचो, आणि लोक मान हलवायचे.

ते झाड आम्ही यात्रेहून आणलं. मी आणि माझी पत्नी उत्तरेकडे केदारनाथाच्या यात्रेला गेलो होतो. परतताना डोंगरातल्या एका धर्मशाळेत मुक्काम पडला. तिच्या अंगणात पुरुषभर उंचीचं झुडूप होतं, पान आपल्या जास्वंदीपेक्षा लहान आणि कातरलेलं, फूल तळहाताएवढं, पांढरंशुभ्र, आणि मधोमध गडद लाल. पत्नी त्याच्यासमोरून हलेना. महादेवाला पांढरं फूल आवडतं, आणि याच्या पोटात तर देवीचं कुंकूही आहे, असं ती म्हणाली. तिथल्या म्हाताऱ्या माळ्यानं बुंध्याजवळचा मुळं धरलेला एक फुटवा ओल्या गोणपाटात बांधून दिला. देताना तो म्हणाला, “जाडे में सोएगा, बाबूजी. छेडना मत.” मी ऐकलं ‘सोहेगा’. थंडीत हे झाड फार शोभेल, असा मी अर्थ लावला आणि पत्नीला तसं सांगितलं.

ती म्हणाली, “मले त वाटला, थंडीत झोपते म्हनला तो.”

“तुला हिंदी येते का?” मी म्हणालो. ती हसली.

आडाच्या बाजूला, सांडपाण्यापासून दूर, मी खड्डा केला, शेणखत घातलं, रोप लावलं. पावसाळा होता, रोप जोरात वाढलं. श्रावणात पाच फुलं आली. पत्नीनं ती सोमवारी शंकराच्या देवळात नेऊन वाहिली आणि पुढच्या श्रावणात रोज एक फूल वाहीन असं देवापुढे बोलून आली. कुंपणापलीकडून देवकाबाई हे सगळं बघायची. ती विधवा होती, पन्नाशी ओलांडलेली, एकुलती मुलगी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला बपेऱ्याला दिलेली. जीभ तिखट होती. “साहेब, झाडाले खत देता का नुसताच भाषन देता?” असं ती मला तोंडावर विचारायची, आणि माझी पत्नी पोट धरून हसायची.

देवकाबाईची गावात एक ओळख होती ती तिच्या हाताची. रोवणीचे दिवस, म्हणजे पऱ्हे उपटून चिखलात धान लावायचे दिवस आले की पंधरा-वीस बायांची टोळी तिच्यामागे असायची. तिची ओळ दोरी न धरता सरळ यायची. कित्येक शेतकरी रोवणीची पहिली मूठ तिच्याच हातानं लावून घ्यायचे. तिचा हात लागला की धान मरत नाही, असं म्हणायचे. कृषी खात्याचा माणूस म्हणून मी या बोलण्याला हसायचो. पण माझ्या स्वतःच्या बांधीत पहिली मूठ तीच लावायची, हेही खरं.

दसऱ्यानंतर पत्नीच्या पोटाचं दुखणं निघालं. नागपूरला मुलीकडे राहून ऑपरेशन करावं लागलं आणि पौष अर्धा सरेपर्यंत आम्ही तिकडेच होतो. घराची किल्ली देवकाबाईकडे होती. झाडांना पाणी तीच घालत होती. आम्ही परत आलो, रिक्षातून उतरलो आणि पत्नीची नजर आधी आडाकडे गेली. पांढऱ्या जास्वंदीवर एक पान नव्हतं. उघड्या काड्या उभ्या होत्या. आपली लाल जास्वंद बारा महिने हिरवी असते. जास्वंदीचं झाड पानं टाकून उभं राहतं हे मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि थंडीत तर ते शोभायला हवं होतं. पत्नी पायरीवर बसली. “माझाबी असाच होईन,” एवढंच ती म्हणाली. तिच्या अंगात त्या वेळी काही राहिलं नव्हतं. तिचं ते वाक्य ऐकून मला जी भीती वाटली ती मी कोणाला सांगितली नाही. देवकाबाई कुंपणाशी येऊन सांगू लागली, “रोज पानी घातला, बाई. पाना पिवरे होऊन आपोआप गरले. मी काही केली नाई.” मी तिच्याकडे बघितलंही नाही.

झाड मेलं की जिवंत आहे हे ओळखायची साधी रीत आहे. नखानं साल खरवडायची. आत हिरवं दिसलं तर जीव आहे. मी शेकडो लोकांना हे शिकवलं. त्या दिवशी मी ते केलं नाही. का केलं नाही याचं उत्तर मी अजून शोधतो आहे. आत तपकिरी निघालं असतं तर पत्नीला काय सांगायचं, या भीतीनं असेल.

संध्याकाळी पानठेल्यावर चार माणसं होती. एकानं विचारलं, “काहून जी साहेब, तुमचा यात्रेचा झाड वारला म्हनते?” आमच्याकडे लोकांच्या बोलण्यात ळ चा र होतो. डोळा हा डोरा होतो, आणि वाळला हा वारला. त्यामुळे वाळणं आणि मरणं कानाला एकच वाटतं. मी तेव्हा ‘मला माहीत नाही’ म्हणायला हवं होतं. त्याऐवजी अर्धवट हसत म्हणालो, “देवकाबाईचा हात लागला, दुसरं काय!” सगळे हसले. रागानं म्हटलं नव्हतं, आणि गंमत म्हणूनही म्हटलं नव्हतं. तोंडातून गेलं. पण ते इतर कोणी म्हटलं असतं तर पानाच्या पिंकेबरोबर गेलं असतं. म्हणणारा झाडांचा डॉक्टर होता.

त्यानंतर मी देवाकडे वळलो. रोज सकाळी घरच्या पिंडीवर अभिषेक करायचा आणि ते पाणी झाडाच्या बुंध्याशी घालायचं, असा नेम धरला. मनात झाड आणि पत्नी यांची गाठ बांधली गेली होती. हे फुटलं तर ती उठेल, असं काहीतरी. तो नेम मनापासूनचा होता, त्यात ढोंग नव्हतं. लोकांनाही कळलं. येणारेजाणारे त्या उघड्या काड्यांना हात जोडू लागले. माघ लागला तेव्हा एके दिवशी पाणी घालता घालता माझा अंगठा बुंध्याला लागला आणि नखानं थोडी साल निघाली. आत दोऱ्याएवढी हिरवी रेघ होती. म्हणजे मी ती पाहिली. पाहिली का? कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ते शेवाळ होतं, अंगणातली सावली होती. आज लिहिताना मला ती रेघ स्पष्ट दिसते आहे. पण आज दिसते म्हणून तेव्हाही पाहिलीच होती, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. एवढं नक्की, की त्या दिवशी मी हात धुतले आणि कोणाला काही बोललो नाही.

महाशिवरात्रीच्या सकाळी तीन फांद्यांवर कोंब दिसले. तांदळाच्या दाण्याएवढे, हिरवेगार. मी ओरडलोच. पत्नी भिंतीला धरून बाहेर आली. लोक जमले, कोणी नारळ फोडला, भजन झालं. पत्नीला त्या दिवसापासून खरोखर उतार पडला. तिनं पोटभर भात खाल्ला आणि पुढच्या महिन्यात ती स्वतः झाडाला पाणी घालू लागली. हे सगळं घडलं, यातलं मी काहीच रचलेलं नाही. देवाची कृपा म्हणतात ती हीच, असं मला वाटलं, आणि आजही त्यातलं काही मला वाटतं. भजनी मंडळात मी पहिल्यांदा हा अनुभव सांगितला तो अगदी मनापासून.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही, की आली आणि मी ती बाजूला सारली, तेही आता कळत नाही. देवाला झाड जिवंत करावं लागलं, तर ते आधी मेलं असलं पाहिजे. आणि मेलं असेल, तर कोणीतरी मारलं असलं पाहिजे. मारणाऱ्या हाताचं नाव मी आधीच सांगून ठेवलं होतं. माझ्या चमत्कारानं माझा आरोप पक्का केला. पुढे जितक्या वेळा मी हात जोडून तो अनुभव सांगितला, तितक्या वेळा देवकाबाईच्या हाताची गोष्ट लोकांच्या मनात पुन्हा ठसली. मी नंतर तिचं नावही घेत नव्हतो. घ्यायची गरजच उरली नव्हती.

आषाढात रोवणी सुरू झाली. बायांची टोळी आमच्या घरावरून जायची. एका सकाळी पडवीत बसून मी ऐकलं. एकजण म्हणत होती, “देवकाले यंदा नोको घेऊ वो. पऱ्ह्याले हात लागला अन् बांधी वारली त कोन पाहीन?” दुसरी म्हणाली, “आपल्याले काही वाटत नाई, पर मालक नाई म्हनते. साहेबाच्या इथला सारा गावानं पायला ना.” टोळी पुढे गेली. देवकाबाई कुदळखुरपं बाजूला ठेवून, पदर खोचून, आपल्या दारात तयार उभी होती. तिला कोणी हाक मारली नाही. धानाच्या गावात रोवणीला हाक न येणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. ती तशीच बराच वेळ उभी होती. मग आत गेली.

दोन दिवसांनी ती आमच्या फाटकाशी आली. आत आली नाही. “साहेब, तुमी बायायले एक डाव सांगा ना. झाड त जित्ताच होता. मले मालूम होता. वारलेल्या झाडाले मी दोन महिने पानी कायले घातली असती?”

मी म्हणालो, “मी कुठं काय म्हटलं, देवकाबाई? लोक म्हणतात.”

“लोकायचा तोंड तुमीच होऊन राहिले,” ती म्हणाली. मग थोडं हसली. तिला राग आला की ती हसायची. “तुमी त झाडायचे डाक्टर ना जी. वारला का झोपला, येवढा नाई समजला तुमाले?”

‘झोपला’ हा शब्द तिनं सहज वापरला. माझ्या डोक्यात तेव्हाही काही पेटलं नाही. मी म्हणालो, “बघतो, सांगतो.” सांगितलं नाही. श्रावण लागायच्या आधी बपेऱ्याहून तिची मुलगी आली आणि आईला घेऊन गेली. कुंपणापलीकडच्या दाराला कुलूप लागलं. त्या कुलपासमोर बसून माझ्या पत्नीनं त्या श्रावणातली फुलं वेचली, रोज एक, बोलल्याप्रमाणे.

पुढच्या थंडीत झाडानं पुन्हा सगळी पानं टाकली. पाणी मीच घालत होतो. पत्नी पायरीवर उभी राहून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “आता कोनाचा हात लागला?”  तिनं स्वतः वाकून नखानं साल खरवडली. आत ओलं, हिरवंगार होतं. “झोपला हाय,” ती म्हणाली. “तो बुढा माळी सांगतच होता. तुमी मले हिंदी शिकवत बसले.” मग म्हणाली, “बपेऱ्याले जा. देवकाले घेऊन या. अन् देवळात साऱ्यायपुढं सांगा.”

मी जाईन म्हणालो. कापणी झाली की जाईन, मळणी झाली की जाईन. आणि दरम्यान मी जे केलं तेही लिहायलाच हवं. मी झाडाला खालून वरपर्यंत गोणपाट गुंडाळलं. लोकांना म्हणालो, डोंगरातलं नाजूक झाड आहे, थंडी लागू नये. खरं म्हणजे ते थंडीचंच झाड होतं. ते पुन्हा उघडं पडलेलं कोणाला दिसू नये म्हणून मी त्याला झाकलं. दुसऱ्या वर्षीही झाकलं. माझ्या अनुभवाला धक्का लागू नये म्हणून मी महादेवाच्या नावाच्या झाडाला गोणपाट नेसवत होतो, आणि रोजचा अभिषेकही चालूच होता. ज्या हातांनी पिंडीवर पाणी घालायचो त्याच हातांनी सुतळी आवळायचो. भक्ती खरी होती की खोटी, मला खरंच सांगता येत नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतं का, हे कोणी जाणकारानं मला सांगावं.

तिसऱ्या वर्षी चैत्रात पत्नी गेली. दुखणं उलटलं होतं. जाण्याआधी काही दिवस तिनं पेटीतलं हिरवं लुगडं काढायला लावलं. “हे देवकाले द्या. अन् बोलून द्या. नुसता देऊ नोका,” ती म्हणाली. काय बोलायचं ते तिनं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

आषाढात एका सोमवारी मी निघालो. लाखांदूर, भंडारा, तुमसर अशा एसटी बदलत बपेऱ्याला पोचायला दुपार झाली. उपास होता, पोटात फक्त चहा. देवकाबाईच्या मुलीच्या घराला कडी होती. समोरच्या बाईनं सांगितलं की सगळ्या रोवणीवर गेल्या, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पलीकडच्या बांधीत. पाऊस उघडून ऊन पडलं होतं, अंगाची लाही होत होती. मी लुगड्याची पिशवी छातीशी धरून धुऱ्यावरून, म्हणजे दोन बांध्यांमधल्या अरुंद वाटेवरून चालू लागलो. मनात वाक्य जुळवत होतो. ‘देवकाबाई, माझं चुकलं.’ नंतर काय, ते जुळत नव्हतं. लांबून बायांचं गाणं ऐकू येत होतं. मग डोळ्यांपुढे पांढरं झालं, अगदी पांढरं, आणि मी चिखलात तोंडावर पडलो.

त्यानंतरचं मला तुटक आठवतं. कोणीतरी मला काखेत धरून ओढलं. डोक्यावर अनोळखी बायांचे आवाज होते.

“मेला का वो?”

“जित्ता हाय. डोरे हालून राहिले.”

“पेऊन पडला असन बुढा.”

“नाई माय, वास नाई येत. उपासाचा दिसते. कपारावर भस्म पाय ना.”

त्यांनी मला धुऱ्यावर पळसाच्या सावलीत टाकलं. कोणाच्या तरी डब्यातला गूळ तोंडात आला, पाणी आलं. एक हात माझ्या तोंडावरचा चिखल पुसत होता, मग तोच हात माझे तळपाय चोळू लागला. खरखरीत, गार, बोटांच्या कडा चिखलानं फाटलेल्या. माझा जीव जागेवर आला तो त्या हातानं. मी डोळे किलकिले केले आणि पाहिलं, तो देवकाबाईचा होता. मी पुन्हा डोळे मिटून घेतले.

एकीनं विचारलं, “वरखते का तू यायले?”

“हाव. आमच्या दिघोरीचे साहेब व्हय हे,” देवकाबाई म्हणाली. तिचा हात थांबला नव्हता. “लई भक्ती हाय यायची. यायच्या अंगनात वारलेला झाड महादेवानं जित्ता केला. साऱ्या गावानं पायला.”

बाया आश्चर्यानं काहीतरी बोलल्या. मग एका लहान वयाच्या बाईनं सहज विचारलं, “पर वारला काहून होता वो, मावशी?”

मला ऐकू येत होतं. मी शुद्धीवर होतो, हे मी इथे स्पष्ट लिहितो. तीन वर्षांत कोणी हा प्रश्न सरळ विचारला नव्हता. देवानं विचारला असता तर यापेक्षा सोपा विचारला नसता. मी फक्त तोंड उघडायचं होतं. देवकाबाई क्षणभर थांबली, आणि म्हणाली, “थंडीचे दिवस होते.”

बस, एवढंच. आपल्या हाताचं नाव नाही, माझ्या तोंडाचं नाव नाही. जे निदान मला करता आलं नाही ते तिनं तीन शब्दांत केलं, आणि माझा चमत्कारही अंगाला ओरखडा न लागता माझ्या ओंजळीत ठेवला. ती मला वाचवत होती, की मला ऐकू येतंय हे जाणून टोमणा मारत होती? मी या वाक्यावर किती वर्षं विचार केला. कधी वाटतं, तिनं मला माफ केलं होतं. कधी वाटतं, तिनं मला बोलायला जागा करून दिली आणि मी ती घेतली नाही. कधी तर वाटतं की तिला माझ्याशी काही देणंघेणंच उरलं नव्हतं. बपेऱ्यात तिची टोळी होती, तिला हाका येत होत्या, पहिली मूठ तीच लावत होती.

त्यांनी मला घरी नेलं. तिच्या मुलीनं चहा केला. मी लुगडं दिलं, पिशवीला चिखल लागला होता, लुगडं कोरडं होतं. देवकाबाईनं ते मांडीवर घेतलं, माझ्या पत्नीच्या आठवणीनं थोडी रडली, मग डोळे पुसून माझ्याकडे सरळ बघितलं. “बाईनं काही सांगितला होता का, साहेब?”

“तुझी फार आठवण काढायची,” मी म्हणालो.

ती वाट बघत राहिली. तिला कळलं होतं की अजून काही आहे. मी कपातला चहा बघत बसलो. बाहेर तिचा जावई म्हणाला की तुमसरची शेवटची गाडी येऊन राहिली. मी उठलो. गाडीपर्यंत ती सोबत आली. मला खिडकीजवळ बसवून कंडक्टरला म्हणाली, “बुढ्याले सांभारून उतरवा जी, आज पडले हायेत.” गाडी सुटली. मी हात जोडले. त्या हात जोडण्याचा तिनं काय अर्थ घेतला असेल, मला माहीत नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी परत जाईन असं ठरवलं होतं. माघात निरोप आला की देवकाबाई दोन दिवसांच्या तापानं गेली. तेव्हा माझ्या अंगणात ते झाड गोणपाटात होतं. मी बाहेर गेलो आणि सुतळी कापली. त्यानंतर कधी गुंडाळलं नाही. लोक दर थंडीत थांबून विचारतात, आणि मी त्यांना साल खरवडून दाखवतो. पण देवकाबाईच्या हाताबद्दल कोणी विचारत नाही, आणि मी होऊन कधी सांगितलं नाही. गावातल्या सासुरवाशिणींना आजही ती गोष्ट ऐकवली जाते, म्हणून हे लिहिलं.

या सगळ्यात देव कुठे होता, हे मला नीट सांगता येत नाही. कोंबांत होता असं मी अनेक वर्षं सांगितलं. पत्नीचं दुखणं उतरलं, त्यात असेलच. पण मला शुद्धीवर आणलं ते चिखलानं भरलेल्या एका हातानं, आणि त्या हाताला मी जे नाव ठेवलं होतं ते जगात फक्त मलाच पुसता येत होतं. शरण जाणं म्हणजे पिंडीपुढे डोकं टेकणं, असं मी समजत होतो. ते मला रोज जमायचं. एका बाईपुढे, चहाचा कप खाली ठेवून, दोन वाक्यं बोलणं जमलं नाही. तरीही मला पाणी मिळालं, गूळ मिळाला, सावली मिळाली. माझ्या लायकीवर काही ठरलं नाही, याबद्दल मी देवाचा ऋणी आहे, आणि याचीच मला लाज वाटते.

त्या दिवशी धुऱ्यावर जुळवत होतो ते वाक्य आता पूर्ण झालं आहे. देवळात मी हे वाचून दाखवणार आहे. तिच्या मुलीलाही पाठवणार आहे. जिला ऐकायचं होतं तिच्यापर्यंत ते जाणार नाही. तिच्याशी बोलताना मी नेहमी पुस्तकी बोलायचो, साहेबासारखा. हे तिच्या बोलीत लिहितो.

देवकाबाई, तुया हातानं काही झाला नाई. झाड जित्ता होता, तू खरी होती. मीच बोललो, अन् मालूम पडल्यावर बी गप्प राहिलो. माफी कर मले.